एचआरच्या प्रमाणपत्राचे शुल्क आणि मोल : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा खर्च, नोकरीच्या बाजारातील त्यांचा उपयोग आणि संस्थांनी उमेदवारांना द्यावयाची माहिती.

महोदय,

मनुष्यबळ व्यवस्थापनाचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एचआरचे, प्रमाणपत्र या एकाच नावाखाली महाराष्ट्रात आज किमान चार वेगळ्या गोष्टी मिळतात. विद्यापीठाची किंवा शासनमान्य संस्थेची पदवी-पदविका ही पहिली. परदेशी व्यावसायिक संघटनेची परीक्षा ही दुसरी. खासगी क्लासचा तीन ते सहा महिन्यांचा ‘प्रॅक्टिकल एचआर’ अभ्यासक्रम ही तिसरी आणि मोबाइलवर पूर्ण करता येणारा ऑनलाइन कोर्स ही चौथी. चारांच्याही शेवटी हाती एक कागद पडतो आणि बायोडेटात चारही एकाच रकान्यात लिहिले जातात. खर्च मात्र हजार रुपयांपासून लाखांपर्यंत कुठेही असू शकतो, आणि जास्त पैसे मोजले म्हणून जास्त उपयोग होतो असे या बाजारात मुळीच नाही. लातूर, सांगली किंवा अकोल्याहून बी.कॉम. होऊन पुण्यात आलेल्या मुलामुलींना हा फरक प्रवेश घेण्यापूर्वी कोणी सांगत नाही. तो कळतो पहिल्या मुलाखतीत, शुल्क भरून झाल्यावर.

या चारांपैकी कायद्याच्या आधाराने नोकरी मिळवून देऊ शकणारी गोष्ट एकच आहे: पहिली, म्हणजे पदवी-पदविका. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी, म्हणजे शॉप फ्लोअरवरचा ‘वेल्फेअर ऑफिसर’, नेमणे बंधनकारक केले. त्याची पात्रता आणि कर्तव्ये ठरवण्याचा अधिकार राज्यांना होता. महाराष्ट्राने त्यासाठी १९६६ साली स्वतंत्र नियम केले. मान्य संस्थेची समाजकार्य किंवा श्रमकल्याण या विषयातील पदवी अथवा पदविका हा त्या पात्रतेचा कणा. केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू केल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या ५०० वरून २५० वर आली आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत अडीचशे ते पाचशे कामगारांचे कारखाने कमी नाहीत. या पदासाठीची मागणी त्यामुळे वाढायला हवी. मात्र तीन महिन्यांच्या खासगी कोर्सचे प्रमाणपत्र, त्यावर कितीही मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह असले तरी, या पदाला चालत नाही. कारखान्यांच्या एचआर जाहिरातींत ‘एमएसडब्ल्यू, एमपीएम किंवा एमएलएस’ ही अक्षरे इतक्या नेमाने येतात ती यामुळेच. सवयीचा भाग त्यात आहेच, पण पाया कायद्याचा आहे.

ही अक्षरे कुठून आली याला मुंबई-पुण्याचा इतिहास आहे. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून देवनारला गेले. गिरणगावाच्या ऐन मध्यावर, परळला, कामगारविषयक शिक्षण देणारी शासकीय संस्था उभी राहिली. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव असलेल्या या संस्थेची श्रमविषयक पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएलएस. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून एमपीएम, म्हणजे पर्सोनेल व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, घेऊन बाहेर पडलेल्या मंडळींनी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची ‘पर्सोनेल’ खाती चालवली. कामगाराचे घर, आजारपण, दारू, कर्ज, संघटना आणि संप हा त्यांचा अभ्यासविषय होता. ब्रिटनमध्येही या व्यवसायाची सुरुवात अशीच झाली. १९१३ मध्ये यॉर्क येथे कारखान्यांतील कल्याणसेवकांनी स्थापन केलेली संघटना पुढे नावे बदलत आजची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल अँड डेव्हलपमेंट, म्हणजे सीआयपीडी, झाली.

हा झाला कारखान्यांचा प्रवाह; दुसरा प्रवाह नंतरचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर व्यवस्थापनाचे प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या शिफारशीवरून लार्सन अँड टुब्रोने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. भारतीय उद्योगातला तो पहिला मानला जातो. १९८० मध्ये कोलकात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट आणि मुंबईची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट एकत्र येऊन एनआयपीएम ही संघटना झाली, १९८५ मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्क आले. नव्वदीनंतर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी हा प्रवाह रुंद केला: भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, वेतनरचना, ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’. कामगार संघटना या विषयाचा तिथे फारसा संबंध नव्हता. आज एचआर म्हणताना ही दोन भिन्न कामे एकाच नावाने ओळखली जातात. प्रमाणपत्रे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत काचेच्या इमारती आणि लॅपटॉपसमोर हसणारी तरुण मंडळी दिसतात, तर नवख्याला मिळणाऱ्या पहिल्या जागांपैकी बऱ्याचशा हजेरी नोंदवणाऱ्या टाइम ऑफिसात, कंत्राटदाराच्या मस्टरपाशी किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या फोनवर असतात. कोणत्या कामासाठी कोणता कागद, हा प्रश्न उमेदवाराने विचारायला हवा तो याच ठिकाणी.

परदेशी परीक्षांबद्दल महाराष्ट्रात मोठे कुतूहल आहे आणि त्यांच्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत. अमेरिकेत या क्षेत्रात दोन संस्था प्रमुख. एक एचआरसीआय, म्हणजे एचआर सर्टिफिकेशन इन्स्टिट्यूट, जी १९७० च्या दशकापासून परीक्षा घेते आणि पीएचआर (प्रोफेशनल इन ह्यूमन रिसोर्सेस) व त्यावरचे एसपीएचआर ही प्रमाणपत्रे देते. दुसरी एसएचआरएम, म्हणजे सोसायटी फॉर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट, १९४८ साली वेगळ्या नावाने स्थापन झालेली सभासद-संघटना. अनेक दशके या दोघींचे साटेलोटे होते. २०१४ मध्ये एसएचआरएमने स्वतःच्या परीक्षा जाहीर केल्या, २०१५ मध्ये त्या सुरू झाल्या, आणि ज्यांच्याकडे जुने पीएचआर होते त्यांना एक छोटा ऑनलाइन पाठ पूर्ण केल्यावर नवे एसएचआरएम-सीपी २०१५ च्या अखेरपर्यंत विनाशुल्क देण्यात आले. तीच माणसे, तेच ज्ञान, आणि नावापुढे एकाऐवजी दोन बिरुदे. व्यवसायाच्या ज्ञानात त्या वर्षी अशी कोणतीही क्रांती झाली नव्हती की दुसऱ्या परीक्षेची गरज पडावी. बदल झाला तो बाजारपेठेत. या परीक्षा निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण वकिलाची सनद किंवा सनदी लेखापालाचे सभासदत्व यांच्याशी त्यांची तुलना जाहिरातींत केली जाते, ती टिकत नाही. सनदेशिवाय वकिली करता येत नाही. एचआरचे काम या परीक्षांशिवाय कोणालाही करता येते, अमेरिकेतही.

खर्चाचा हिशेब असा. एचआरसीआयच्या पीएचआर किंवा तिच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीला, म्हणजे पीएचआरआयला, परीक्षाशुल्क ३९५ डॉलर आणि अर्जाचे १०० डॉलर असा दर अलीकडच्या वर्षांत राहिला आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ही रक्कम ४२,००० च्या वर जाते. त्यात अभ्याससाहित्य नाही, क्लास नाही, नापास झाल्यास पुन्हा बसण्याचा खर्च नाही. अनुभवाची अट वेगळीच: पीएचआरआयसाठी पदवीधराला या क्षेत्रातील व्यावसायिक स्तरावरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर पदवी असल्यास एक वर्षाचा. अननुभवी उमेदवारासाठी एपीएचआरआय ही खालची पायरी आहे. तिचे शुल्क ३०० अधिक १०० डॉलर. आणि हा खर्च एकदाच होत नाही. पीएचआर आणि एसएचआरएम-सीपी या दोन्हींचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते, त्यासाठी ६० श्रेयगुण जमवावे लागतात, नूतनीकरणाचे शुल्क द्यावे लागते. श्रेयगुण देणाऱ्या परिषदा आणि वेबिनार यांचाही एक धंदा आहे. नूतनीकरण केले नाही तर ती अक्षरे नावापुढे लावता येत नाहीत. पुण्यातल्या क्लासच्या माहितीपत्रकात ही शेवटची बाब सहसा नसते.

अभ्यासक्रमाचा प्रश्न खर्चाहून मोठा. मूळ पीएचआर परीक्षा अमेरिकेच्या कायद्यांवर उभी आहे. तिथला कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा मुखोद्गत असलेल्या माणसाला हिंजवडीतल्या महिला कर्मचाऱ्याची रजा त्यावरून ठरवता येत नाही. इथे २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे आणि तिकडच्या केंद्रीय कायद्यात आहे ती १२ आठवड्यांची बिनपगारी. आंतरराष्ट्रीय आवृत्तीतून अमेरिकी कायदे वगळले आहेत, पण त्यांच्या जागी भारतीय कायदे आलेले नाहीत. कोणत्याही एका देशाचा कायदा न शिकवणारे प्रमाणपत्र जगभर चालते हे खरे. ते कोणत्याही एका देशातले रोजचे काम शिकवत नाही हेही तितकेच खरे.

मग या परीक्षा कोणाच्या कामाच्या? अमेरिकी कंपनीच्या पुण्यातल्या किंवा बेंगळुरूतल्या केंद्रात काम करणाऱ्या, ज्यांचे वरिष्ठ ओहायो किंवा टेक्सासमध्ये बसतात अशा सहा-आठ वर्षे अनुभवाच्या माणसांच्या. वरिष्ठाच्या स्वतःच्या नावापुढे तीच अक्षरे असतात, त्याला ती वाचता येतात. समान भाषेचा हा फायदा खरा आहे. आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्यांना सीआयपीडीचा उपयोग होतो, कारण तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर खात्यांवर ब्रिटिश पद्धतीची छाप आहे. पतीची किंवा पत्नीची बदली न्यू जर्सीला झाल्यामुळे तिकडे जाणाऱ्या आणि काम करण्याचा परवाना मिळू शकणाऱ्या मराठी माणसाला एसएचआरएम-सीपी हाताशी असणे बरे, कारण भारतातला अनुभव तिकडच्या भरती करणाऱ्याला मोजता येत नाही, परीक्षा मोजता येते. या तीन गटांबाहेरच्या उमेदवाराने, विशेषतः ज्याला अजून पहिली नोकरी मिळालेली नाही त्याने, डॉलरमध्ये शुल्क भरणे म्हणजे लग्न ठरण्यापूर्वी कार्यालय आरक्षित करणे आहे.

खासगी क्लासचा हिशेब रुपयांत आहे म्हणून सोपा वाटतो. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त पदवीच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर नसतो. खासगी क्लासच्या शुल्कावर १८ टक्के लागतो. ६०,००० रुपये शुल्काच्या कोर्सला प्रत्यक्षात ७०,८०० द्यावे लागतात. वर्षाच्या हप्त्यांत विभागले तर महिना ५,९००, तेही ‘विनाव्याज’ या शब्दामागे प्रक्रियाशुल्क दडलेले नसेल तर. कोर्ससाठी १५,००० रुपयांची नोकरी सहा महिने सोडली, तर बुडालेला पगार ९०,००० होतो आणि खरा खर्च १,६०,८०० वर जातो. प्रमाणपत्रामुळे पगार महिना २,००० रुपयांनी वाढला असे धरले, तर ही रक्कम भरून निघायला सहा वर्षे आठ महिने लागतात. नोकरी न सोडता शनिवार-रविवारी तोच कोर्स केला तर जवळजवळ तीन वर्षे. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण बहुतेक उमेदवार बुडालेला पगार हिशेबात धरतच नाहीत, आणि बहुतेक संस्था प्रमाणपत्रानंतरचा पगार सांगताना प्रमाणपत्रापूर्वीचा पगार सांगत नाहीत. वाढ किती, हे दोन आकड्यांशिवाय कळत नाही.

क्लासमध्ये काय शिकवतात हे पाहिल्यावर मात्र सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. काही क्लास कारखान्यांतून निवृत्त झालेले पर्सोनेल मॅनेजर चालवतात. तिथे मुले हजेरीवरून पगारपत्रक तयार करतात, भविष्य निर्वाह निधीची ईसीआर, म्हणजे मासिक विवरणपत्राची, फाइल बनवतात, चलन महिन्याच्या १५ तारखेच्या आत का भरायचे ते शिकतात. कर्मचारी राज्य विमा योजनेची २१,००० रुपयांची वेतनमर्यादा आणि ०.७५ व ३.२५ टक्क्यांचे हिस्से, बोनसचा ८.३३ टक्क्यांचा किमान दर, उपदानाचे १५ भागिले २६ हे सूत्र, जून आणि डिसेंबरमध्ये भरायचा कामगार कल्याण निधी, फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० होणारा व्यवसाय कर: या गोष्टी हाताखालून गेलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवसापासून कामाला येते. आरोपपत्र कसे लिहायचे, खातेनिहाय चौकशीत दोन्ही बाजूंना बोलायची संधी कशी द्यायची, हे ज्याने एकदा करून पाहिले त्याला पुस्तकाची फारशी गरज राहत नाही. अशा कोर्सचे प्रमाणपत्र चौकटीत लावायच्या लायकीचे नसले तरी कोर्स पैसे वसूल करून देतो. दुसऱ्या टोकाला असे क्लास आहेत जिथे मॅस्लोची गरजांची उतरंड, स्वॉट विश्लेषण आणि मुलाखतीत हसत कसे बसावे यावर सहा महिने निघतात. शुल्क दोन्हीकडे सारखेच असू शकते, माहितीपत्रकेही.

महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे हा या दोहोंतला फरक ओळखण्याचा सोपा निकष आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा, १९६९ चा माथाडी कायदा, २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा हे विषय अखिल भारतीय ऑनलाइन कोर्समध्ये सापडणार नाहीत. भिवंडीच्या गोदामात किंवा नवी मुंबईच्या बाजार समितीच्या आवारात काम करणाऱ्या एचआरला माथाडी मंडळ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्याचे बाकीचे ज्ञान पहिल्याच आठवड्यात उघडे पडते. ज्या संस्थेच्या अभ्यासक्रमपत्रिकेत यांपैकी एकही नाव नाही, तिचा दावा ‘प्रॅक्टिकल’ असण्याचा असू नये.

त्यातच श्रमसंहितांनी जुन्या नोट्स मोठ्या प्रमाणात बाद केल्या आहेत. २९ केंद्रीय कायदे चार संहितांत आले. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे मूळ वेतन कमी आणि भत्ते भरमसाट, ही वर्षानुवर्षे शिकवली गेलेली पगाररचना आता पुन्हा मांडावी लागते. मुदतबंद नेमणुकीच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क आला. २०२५ पूर्वी ध्वनिमुद्रित केलेले कायद्याचे धडे आजही त्याच किमतीला विकले जात असतील, तर विद्यार्थी कालबाह्य माल विकत घेत आहे. अन्नाच्या पाकिटावर वापरण्याची मुदत छापावी लागते; कायदा शिकवणाऱ्या कोर्सवर तो शेवटचा कधी अद्ययावत केला याची तारीख छापावी लागत नाही.

स्वस्त पर्यायांबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही, कारण ते सर्वांना उपलब्ध आहेत आणि त्यांची मर्यादाही उघड आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मनुष्यबळ व्यवस्थापनाचे कोर्स विनाशुल्क ऐकता येतात. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची तर १,००० रुपये. इग्नूची दूरशिक्षणातून मिळणारी पदविका आहे. कोर्सेरावर मिनेसोटा विद्यापीठाची या विषयाची मालिका आहे. यांतून विषयाची ओळख होते आणि आपल्याला हे काम आवडेल का, याचे उत्तर मिळते. लाखभर रुपये भरण्यापूर्वी हजार रुपयांत हे उत्तर मिळवणे शहाणपणाचे. या कागदावर नोकरी मिळत नाही, आणि तसा दावा या संस्था करतही नाहीत.

सर्वांत विचित्र विसंगती शासनाच्या स्वतःच्या योजनेशी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत प्रत्यक्ष आस्थापनेत काम शिकणाऱ्या बारावी उत्तीर्णाला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन मिळण्याची तरतूद झाली. मूळ मुदत सहा महिन्यांची. म्हणजे एकीकडे पदवीधराला काम शिकताना सहा महिन्यांत ६०,००० रुपये शासन देते आणि दुसरीकडे तोच पदवीधर ‘इंटर्नशिपसह’ एचआर कोर्ससाठी कर वगळता ६०,००० रुपये स्वतः भरतो, ज्यातली इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते. दोन्हींच्या शेवटी बायोडेटात येणारी ओळ सारखीच: सहा महिन्यांचा अनुभव. या दोन वाटांमध्ये किमान १,२०,००० रुपयांचे अंतर आहे. ते उमेदवारांना दिसत नाही, कारण एका वाटेची जाहिरात त्यांच्या मोबाइलवर दिवसातून दहा वेळा येते आणि दुसरी शासकीय संकेतस्थळावर शोधावी लागते.

उमेदवार कोण आहे यावर शेवटचा निर्णय अवलंबून असतो. कारखान्यात एचआर करायचे असेल आणि दोन वर्षे देता येत असतील, तर मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यू, एमपीएम किंवा एमएलएस यांना पर्याय नाही. हे या विषयातले सर्वांत भक्कम विधान. नोकरी करत असलेल्या आणि लेखा किंवा प्रशासन विभागातून एचआरकडे वळू पाहणाऱ्या कारकुनाला शनिवार-रविवारचा, पगारपत्रक आणि कायदे शिकवणारा कोर्स उपयोगी पडतो, कारण त्याच्याकडे कंपनीची माहिती आधीच असते आणि कमी असते ती फक्त तांत्रिक बाजू. मुलांच्या संगोपनासाठी आठ-दहा वर्षे घरी राहिलेल्या आणि पुन्हा कामावर येऊ पाहणाऱ्या स्त्रियांचा गट मोठा आहे आणि क्लासवाल्यांचे त्यांच्याकडे विशेष लक्ष असते. मधल्या काळात कायदे आणि संगणकप्रणाली दोन्ही बदलल्याने त्यांना ताजा कोर्स करणे गरजेचे वाटते, ते बरोबरही आहे. पण महाग कोर्स नव्हे, ताजा कोर्स. नुकत्याच पदवीधर झालेल्या आणि घरून पैसे आणणाऱ्या मुलाने आधी वर्षभर कुठल्याही एजन्सीत, टाइम ऑफिसात किंवा युवा प्रशिक्षणाच्या जागेवर काम करावे आणि मग ठरवावे.

ज्यांच्याकडे पाच-सात वर्षांचा अनुभव आहे त्यांनी मोठ्या प्रमाणपत्राचा खर्च कंपनीकडून मागावा. अनेक कंपन्या तो देतात आणि बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. असा करार हलका समजू नये: सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात, किमान तीन वर्षे सेवा न केल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. फुकट मिळालेल्या प्रमाणपत्राची किंमत अशी तीन वर्षांच्या मोकळिकीतही मोजावी लागू शकते. तरीही कंपनी खर्च करायला तयार होते का, ही प्रमाणपत्राच्या मोलाची चांगली परीक्षा आहे. ज्या कागदासाठी ना आजचा मालक पैसे देतो, ना उद्याचा मालक पगार वाढवतो, तो कागद कोणासाठी आहे हे उमेदवाराने स्वतःला विचारावे.

या बाजारावर देखरेख कोणाची, हे सांगणे अवघड आहे. पदव्यांवर विद्यापीठ अनुदान आयोग आहे, व्यवस्थापन पदविकांवर एआयसीटीई, कौशल्य अभ्यासक्रमांच्या मान्यतेसाठी एनसीव्हीईटी. खासगी क्लासने स्वतःच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र या तिघांच्याही कक्षेबाहेर राहते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. शुल्क, परतावा, यशाचे प्रमाण आणि नोकरीची हमी यांविषयी खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे. तरीही ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे फलक डेक्कन जिमखान्यापासून दादरपर्यंत दिसतात, कारण तक्रार कोणी करत नाही आणि कॉल सेंटरमधील पंधरा दिवसांची नोकरीही प्लेसमेंट म्हणून मोजली जाते.

विभागाकडे मागणी तीन गोष्टींची आहे. एचआर प्रमाणपत्र देणाऱ्या प्रत्येक खासगी संस्थेने एका पानाचे माहितीपत्रक ठरावीक नमुन्यात द्यावे आणि ते ‘महास्वयम’ संकेतस्थळावर असावे: करासह एकूण शुल्क, परताव्याचा नियम, प्रत्यक्ष तास, अभ्यासक्रम शेवटचा अद्ययावत केल्याची तारीख, कोणत्या वैधानिक पदासाठी हे प्रमाणपत्र चालते आणि कोणत्या नाही, मागील तुकडीत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी तो पूर्ण केला, सहा महिन्यांनी किती जण एचआरच्याच कामावर होते आणि त्यांचा मध्यक पगार किती. दुसरी गोष्ट, नव्या संहितेखाली कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी कोणत्या संस्थांच्या कोणत्या पदव्या-पदविका मान्य आहेत, याची यादी कामगार विभागाकडून घेऊन मराठीत त्याच ठिकाणी प्रसिद्ध करावी. तिसरी, युवा कार्य प्रशिक्षणातील एचआर, पगारपत्रक आणि टाइम ऑफिसच्या जागा वेगळ्या शोधता याव्यात अशी सोय करावी. यांतली दुसरी आणि तिसरी गोष्ट करायला नवा कायदा लागत नाही, खर्चही नगण्य आहे. पदवीचे निकाल जून-जुलैत लागतात आणि क्लासचे प्रवेश त्याच आठवड्यांत भरतात. यादी त्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी, ही विनंती.

कळावे.